‘लहान’, ‘किरकोळ’ की ‘अपुऱ्या दिवसांचं’?

रत्नागिरीहून प्रश्न:

भाची बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. मुलगी झाली. दिवस भरलेले, ३९ आठवडे. वजन २ किलो २५० ग्रॅम. घरी सोडताना दिलेल्या कार्डावर ‘टर्म, एसजीए’ असं लिहिलंय. आईने विचारलं, ‘हे काय रे?’ मी म्हटलं, ‘बाळ लहान आहे म्हणतायत.’ त्यावर आई, ‘मग काय मोठं जन्माला येतं होय?’

तिचं चुकलं नाही. एसजीए म्हणजे पोटात जितके आठवडे काढले त्या मानाने लहान. पण याला मराठीत सुटसुटीत काही सापडेना. ‘गर्भकालसापेक्ष लघुशिशू’ असं मीच जुळवून पाहिलं आणि वाचून दाखवलं, तर भाची म्हणाली, मामा, हसवू नकोस, टाके दुखतात. तुमच्याकडे बोलण्यात काय म्हणतात?

दापोली:

मी नर्स होते, तीस वर्षं प्रसूतिगृहात काढली. सगळा घोळ ‘कमी वजनाचं बाळ’ या शब्दाने केलाय. काट्यावर अडीच किलोच्या खाली भरलं की कमी वजनाचं, एवढाच त्याचा अर्थ. का कमी, ते त्यात कुठे आहे? सव्वादोन किलोचंच बाळ ३४ व्या आठवड्यात झालं असतं, तर तेवढ्या दिवसांना ते वजन अगदी ठीक. ते फक्त लवकर आलेलं. त्याची फुप्फुसं पुरती तयार नसतात, चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ नुकता कुठे बसत असतो.

तुमची नात वेळेवर आली, पण पोटात तिला बहुधा पुरेसं मिळालं नाही. कुणाच्या वारेतून रक्त कमी पोचतं, कुणाचं ब्लडप्रेशर वाढलेलं असतं, कुणाच्या अंगात रक्तच कमी. आणि मिश्री! आम्ही विचारायचो, ‘तंबाखू खाता का?’ बायका म्हणायच्या, ‘नाही हो.’ खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच, दात घासायची वस्तू. बाळाचं वजन मात्र तिच्याने घटायचं. पुढे मी ‘मिश्री लावता का?’ असंच विचारायला लागले.

लवकर आलेल्या बाळाला आम्ही ‘अपुऱ्या दिवसांचं’ म्हणायचो, दुसऱ्याला ‘भरल्या दिवसांचं, पण किरकोळ’. दुसऱ्याची साखर पहिल्या दोन-तीन दिवसांत उतरू शकते, अंगही लवकर गार पडतं. म्हणून दर दोन-तीन तासांनी पाजा आणि उराशी उघडं धरून ठेवा.

देवगड:

‘किरकोळ’ नको. किरकोळ म्हणजे पेटीतून उरलेला सुट्टा माल. पण ताई दोन बाळं वेगळी करतायत ते आम्हाला बागेत रोज करावं लागतं. सहा डझनी पेटीतला आंबा लहान असतो, पण चौदा आणे तयार झाला म्हणूनच काढलेला असतो. चार डझनीतलं दांडगं फळ कोवळं उतरवलं तर आढीत सुरकुततं, पिकत नाही. आकार निराळा, तयारी निराळी. आमचे गडी या दोन शब्दांची कधी गल्लत करत नाहीत. मग ‘लहान पण तयार’ म्हणा की!

दापोली:

उपमा झकास. पण ‘तयार’ ऐकून घरचे निर्धास्त होतील, आणि पहिले दिवस तर जपायचे असतात. झाडावरच पाणी कमी पडलेलं फळ म्हणा.

गुहागर:

‘सातमाशी’ अजून कुणीच काढलं नाही? आजीच्या तोंडी कायम असायचं, ‘सातमाशी जगतं, अठमाशी दगावतं.’ हे आपल्याकडचंच असेल असं मला वाटायचं. पण हिपोक्रेटसच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रीक वैद्यकातही हेच सापडतं. दोन्हीकडे चूकच आहे म्हणा. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. माझी शंका अशी, की जगलेल्या सातमाशांपैकी पुष्कळांचे महिनेच मोजताना चुकले असतील. लग्नाला सात महिने झालेले असताना तीन किलोचं ‘सातमाशी’ बाळ बहुतेक गावांनी पाहिलंय. यावर जास्त बोलत नाही.

‘नऊ महिने नऊ दिवस’ मात्र जवळपास बरोबर. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरतात, म्हणजे नऊ महिने आणि साधारण सात दिवस. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत आलं तर अपुऱ्या दिवसांचं.

मालवण:

तुम्ही सगळे जन्मदिवसाच्या काट्यावरच अडकलात. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत डोकावणारी बाई वजन विचारत नाही. ती विचारते, ‘दूध आंगाक लागता मां?’ महिना झाला तरी पोर भरत नसेल तर म्हणते, ‘आंगाक लागाक नाय.’ याचाच घाटावरचा भाऊ ‘बाळसं धरणं’. क्रियापद बघा, धरणं. रोप मूळ धरतं तसं. ते दोन वजनांच्या मधल्या दिवसांत घडतं, एका वजनात दिसत नाही. असला नेमका शब्द वर्तमानपत्रांनी पळवला. आता योजना बाळसं धरते, उद्योग बाळसं धरतो, बाळांचं मात्र ‘वेट गेन’ होतं.

आणि पहिल्या आठवड्यात बाळ उतरतंच, दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी चालतं. दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत येतं, मग रोज २० ते ३० ग्रॅम चढतं. पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट, वर्षाला तिप्पट. पण पाचवी पुजायला जमलेल्या मंडळींना बाळ दिसतं ते नेमकं उतरलेलं असताना. तिथेच कुणीतरी म्हणतं, ‘सुकलंय गो, वरचं दूध घाल.’ माझ्या मुलाच्या वेळी असल्या तीन आत्या होत्या.

अलिबाग:

मानाने लहान, ठीक. पण कुणाच्या मानाने? तेवढ्याच आठवड्यांच्या १०० बाळांना वजनाच्या चढत्या क्रमाने रांगेत निजवलं, तर सुरुवातीच्या दहांत येतील ती एसजीए. ही रांग कुणाच्या बाळांची, यावरून पूर्वी बराच वाद होई. ‘इंटरग्रोथ-२१’ या प्रकल्पाने २०१४ मध्ये नवजात बाळांची मापं प्रसिद्ध केली. त्यासाठी आठ देशांतली एकेक जागा निवडली होती, आणि भारतातली जागा होती आपलं नागपूर. ऑक्सफर्ड, सिएटल, नैरोबीच्या शेजारी. चांगलं खायला मिळालेल्या, निरोगी आयांची बाळं कुठेही साधारण सारखीच भरतात, असं त्यांना दिसलं. तेव्हा ‘आपल्याकडची बाळं लहानच असतात’ हे समाधान टिकत नाही.

पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांत केलेला अभ्यास याहून चक्रावणारा आहे. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पुण्याकडच्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. इंग्रजीत त्यांना ‘थिन-फॅट’ म्हणतात. मी एका लेखात ‘रोड पण मेदस्वी’ लिहिलं आणि खोडलं. मेदस्वी म्हटलं की ढेरी पुढे काढून बसलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो. कुणाला काही सुचतंय?

रत्नागिरी:

सगळ्यांचे आभार. मी कार्डाच्या मागे पेन्सिलीने ‘भरल्या दिवसांची, दिवसांच्या मानाने उणी’ असं लिहून ठेवलंय. आईला ते एका वाचनात कळलं. थिन-फॅटचं मात्र मलाही जमत नाही.

परवा आशाताई २८ व्या दिवसाच्या भेटीला आल्या. झोळीत घालून काट्याला लावलं. पोरीने पाय झाडले, काटा हलत राहिला, मग थांबला: २ किलो ७०० ग्रॅम. चौथ्या दिवशी २ किलो १२० वर उतरली होती. ताई म्हणाल्या, ‘आजी, छान बाळसं धरलंय हो पणतीने!’

दापोलीच्या ताई, तुमचा शब्द घरातच होता. आईने काजळाचं बोट पोरीच्या कानामागे टेकवलं आणि दाराकडे बघत म्हणाली, ‘कसलं बाळसं. आहे आपली किरकोळ.’