मदत हवी आहे: ३५० सीसीच्या चासीवर ५०० सीसीचं इंजिन बसवलेली बुलेट विकायची आहे, कागदांचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही पेडणे तालुक्यातले. बाबांची १९९४ची बुलेट विकायची आहे. गाडी पहिल्यापासून त्यांच्याच नावावर, नंबर जीए-०१चा. २०२४मध्ये आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू झाली तेव्हा गाडीत मूळचं ३५०चं इंजिन होतं. त्यानंतर बाबांनी आणि त्यांच्या मेस्त्रींनी गाडी पार नटबोल्टपर्यंत सुटी केली, नव्याने बांधली आणि तिच्यात ५००चं कास्ट आयर्न इंजिन बसवलं. आरसीवर आणि विम्याच्या पॉलिसीवर मात्र अजून जुनाच इंजिन नंबर आहे, आणि ३४६ सीसी. पुढे बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी किक मारायला सक्त मनाई केली. आमचं घर समुद्रापासून जवळ. खारा वारा आणि वर पाऊस, गाडी पडवीत नुसती उभी ठेवली तर एका पावसाळ्यात स्पोक गंजतात. म्हणून विकायचं ठरलं.

काम कसं झालंय ते आधी सांगतो, कारण बघायला येणारे बहुतेक जण फक्त टाकीचा रंग बघतात. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमीच आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ३५०चा ७० मिमी, ५००चा ८४. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असल्यामुळे ५००चं इंजिन त्याच चासीत बसतं. कटिंग नाही, वेल्डिंग नाही, चासी नंबर स्वच्छ वाचता येतो. कार्बोरेटर २४ मिमीचा काढून २८ मिमीचा मिककार्ब कंपनीचा लावला, गिअरबॉक्सचा स्प्रॉकेट एक दात मोठा घेतला, पुढे ट्विन लीडिंग शूचा ड्रम ब्रेक आहे. किक मारायची तीच जुनी पद्धत: अॅमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधोमध येईपर्यंत किक हळू दाबत न्यायची, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून थोडी पुढे ढकलायची, मग सोडून एकच पूर्ण किक. बाबा हे इतक्या शांतपणे करायचे की बघत राहावंसं वाटायचं. गाडी खरोखर सुंदर झाली आहे आणि ती समजणाऱ्याच्या हातात जावी असं मला मनापासून वाटतं.

आता गिऱ्हाइकं. मोरजीला राहणारे बंगळूरचे एक गृहस्थ दीड लाख रोख द्यायला तयार आहेत. त्यांचं म्हणणं, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३०वर बाबांच्या सह्या द्या, नावावर करायचं मी नंतर बघतो. दुसऱ्याला ती पर्यटकांना भाड्याने द्यायची आहे, तीही खासगी गाडीच्या पांढऱ्या नंबरप्लेटवर. त्याला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. तिसरा वाळपईचा एक मुलगा. पैसे कमी आहेत, पण आल्या आल्या त्याने टॉर्च लावून क्रँककेसवरचा (इंजिनाच्या खालच्या कवचावरचा) इंजिन नंबर बघितला आणि आरसी मागितली. गाडी मला त्यालाच द्यायची आहे.

कोऱ्या सह्या मी देणार नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की गाडी विकली तरी आरटीओत ज्याच्या नावाची नोंद आहे त्यालाच मालक धरलं जाईल आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल. वयाच्या सत्तरीत बाबांना मी त्या फेऱ्यात अडकवणार नाही.

इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे १४ दिवसांत कळवायचं असतं. ती मुदत केव्हाच गेली. दंड भरून नोंद करायला आम्ही तयार आहोत, पण खरी अडचण सीसीची आहे. सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०१९च्या निकालानुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल चालत नाही. ३४६चे ४९९ झाले म्हणजे तोच प्रकार ना? ‘विंटेजमध्ये नोंदवा’ असंही एकाने सुचवलं, पण त्याला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात, शिवाय इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

जुनं ३५०चं इंजिन ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं आहे. ५००चं इंजिन सावंतवाडीकडच्या एमएच-०७ गाडीचं. तिची चासी गंजून गेली होती. विक्रीची सही केलेली चिठ्ठी आणि त्या आरसीची झेरॉक्स आमच्याकडे आहे.

गोव्यात कुणी ३५०ची आरसी ५००वर करून घेतली आहे का? की जुनं इंजिन परत बसवूनच विकावी? आणि तसं केलं तर किंमत कशी लावायची?

प्रतिसाद, फोंड्याहून

जुनं इंजिनच बसवा. राज्याबाहेर गेली तर फॉर्म २८वर (ना-हरकत दाखल्याच्या अर्जावर) नंबरची पेन्सिल प्रिंट लागेल, तिथेच गाडी अडेल. विम्याच्या क्लेमला सर्व्हेअर पहिला नंबरच बघतो. गाडी सुंदर असेल यात शंका नाही, पण घेणाऱ्याला तुम्ही गाडीबरोबर एक भांडण विकाल. ५००चं इंजिन वेगळं विका. ज्याच्याकडे मुळातच ५००ची आरसी आहे आणि क्रँककेस फुटलेला आहे, त्याच्यासाठी ते त्याच मेक-टाइपचं (त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं) इंजिन ठरतं आणि त्याची नोंद रीतसर होऊ शकते. अशा माणसाकडून चांगली किंमतही येईल. त्या सावंतवाडीच्या गाडीची आरसी रद्द करून घेतली का, ते मात्र आधी विचारा.

प्रतिसाद, डिचोलीहून

सहमत. ३५०चं इंजिन बसवण्याआधी उघडून बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) बघा. आणि टेस्ट राइड देताना जपा. आजकालची मुलं उजव्या पायाने ब्रेक मारायला जातात आणि तिथे गिअर असतो. आधी मोकळ्या मैदानात चालवायला सांगा, चौपदरी हायवेवर नको.

धागालेखक

दोघांचेही आभार. बाबांना वाचून दाखवलं. थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘मेस्त्रींना बोलाव.’ ३५०चं इंजिन बसवतोय, स्प्रॉकेट आणि २४चा कार्बोरेटरही परत लावणार. वाळपईच्या मुलाला कळवलं, तो थांबायला तयार आहे. व्यवहाराच्या दिवशी तो आणि बाबा दोघेही आरटीओ ऑफिसात हजर राहतील आणि फॉर्म तिथेच भरतील. सिलिंडरला रिबोर (आतून पुन्हा कोरून घेणं) लागेल असं दिसतंय. म्हापसा किंवा डिचोलीकडे कास्ट आयर्नचं बोअरिंग नीट करणारं लेथ वर्कशॉप कुणाला माहीत असेल तर सांगा. पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायचं आहे.