एडीएचडी असलेल्या मुलाचा विनोद: कुठे हसायचं, कुठे आवरायचं?

फळाखडू

सहावीत एक मुलगा आहे. एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं, तो) निदान झालंय, त्यावरची मिथाइलफेनिडेट ही गोळी सुरू आहे. डोकं तल्लख आणि विनोदबुद्धी त्याहून. लसावि शिकवायला घेतला की हा विचारणार, "बाई, लसावि दंडावर देतात की मांडीवर?" सगळा वर्ग खिदळतो, हसू मलाही आवरत नाही. पण मग तेच दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, आवाज चढवून. मुलं वैतागतात. त्याचं उत्तर चुकलं आणि कोणी फिसकन हसलं, की मात्र कंपासपेटी भिरकावतो, बाकाखाली जाऊन रडतो. अर्ध्या तासाने काही झालंच नाही असा. त्यात आई म्हणते, गोळी सुरू झाल्यापासून घरी तो हसेनासा झालाय. त्याचा विनोद मारायचा नाहीये, पण तासही चालला पाहिजे. नेमकं काय करता येईल?

कोपरखळी (विशेष शिक्षण)

विनोद सुचण्यात त्याची काही अडचण नाही, अडचण थांबण्यात आहे. शाळेत बाकी कशाचंही फळ उशिरा मिळतं, मार्क तर चाचणीनंतरच. हशा मात्र हातोहात. एडीएचडीत अशा रोख बक्षिसाची ओढ जास्त असते, म्हणून जे एकदा चाललं ते तो पुन्हा चालवून बघतो. समोरचे चेहरे त्याला वाचता येत नाहीत असं समजू नका. "बघ, कोण कोण हसतंय?" विचारलंत तर बहुधा बरोबर सांगेल. फक्त त्या क्षणी लक्ष तिकडे नसतं. त्यामुळे नंतर स्टाफरूममध्ये बोलावून दिलेलं व्याख्यान वाया जातं. मदत त्या क्षणालाच हवी.

पहिल्यांदा मोकळेपणाने हसा. दुसऱ्या वेळी चेहरा कोरा, नजर फळ्याकडे. पाचव्या वेळी तुम्हाला हसू फुटलं तर तो एवढंच शिकतो की पाच वेळा करावं लागतं.

दुसरं, विनोदाला जागा द्या. वहीच्या मागच्या पानावर दोन शब्द लिहून ठेवायचे आणि तासाच्या शेवटी २ मिनिटं त्याची, त्यात एकच विनोद. लिहिणं महत्त्वाचं, कारण या मुलांची कार्यकारी स्मृती (गोष्ट तेवढ्यापुरती डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता) तोकडी असते. आत्ता बोललो नाही तर विसरेन या धास्तीने ती मध्येच बोलतात. ही युक्ती फसते ती बहुतेक वेळा आपल्यामुळे: घंटा होते, २ मिनिटं राहून जातात, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा विश्वास उडतो. म्हणून घंटेच्या ५ मिनिटं आधीच ती वेळ द्या. आणि शिक्षा म्हणून ती कधीही कापू नका.

खूण एकच ठरवा, त्याच्याशी एकट्याने बोलून. बाकावर दोन बोटं टेकवली की "पोचलं, आता पुढे". नाव घेऊन दटावलंत तर अख्खा वर्ग त्याच्याकडे वळतो, म्हणजे तोही पगारच झाला.

मधली_सुट्टी

वरच्याशी सहमत, पण बाईंनी पहिल्यांदाही हसू नये असं माझं मत. एकाला हसलात की उद्या चाळीस जण विनोद करतील.

कोपरखळी

करू देत, नियम सगळ्यांना तोच. पहिलं हसू दाबलंत तर विनोद फसलाय असं समजून तो अजून जोर लावेल. शिवाय दिवसभर "गप्प बस" ऐकणाऱ्या मुलाला बाईंचं खरं हसू ही मोठी मिळकत असते. ती फुकट घालवू नका.

निशिगंध (बालमानसशास्त्र)

रडण्याबद्दल. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांचं निदान ज्यावरून करतात ते अमेरिकन पुस्तक) एडीएचडीची जी १८ लक्षणं आहेत त्यांत भावनांचं एकही नाही. चिडचिड, चटकन निराश होणं, मनःस्थितीचे चढउतार हे फक्त "सोबत आढळतं" म्हणून नोंदलंय. त्यामुळे पालकांना वाटतं हा स्वभाव आहे किंवा लाडावलाय. रसेल बार्कलींसारखे तज्ज्ञ मात्र भावनांवरचा ताबा सुटणं हा एडीएचडीचा गाभाच मानतात. स्वनियंत्रणात अशी मुलं वयाच्या साधारण ३० टक्के मागे असतात, हा त्यांचा ढोबळ आडाखा. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाकडून राग आवरण्याची अपेक्षा सात-आठ वर्षांच्या मुलाइतकी ठेवा. (गणिताची नव्हे.)

कंपासपेटी उडाली की पहिली १०-१५ मिनिटं प्रश्न नाहीत, "सॉरी म्हण" नाही. "मी इथे आहे, पाणी पी," एवढंच. तेव्हा समजावणं म्हणजे आगीत तेल. शांत झाल्यावर त्याच दिवशी ३ मिनिटं बोला: काय झालं, काय वाटलं, पुढच्या वेळी काय म्हणशील. ते वाक्य ठरवून चार-पाचदा म्हणून घ्या. "हो, चुकलं. परत बघतो," हे पुरतं. चुकलेल्या उत्तराला कोणीच कोणाला हसायचं नाही, हा नियम अख्ख्या वर्गाला लावा. त्याच्यासाठी म्हणून लावलात तर उलटेल.

एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. लसाविचा विनोद खेळकर आहे. पण "मी तर ढच आहे ना" असल्या विनोदांचं प्रमाण वाढलं, तर ते लोकांनी हसण्याआधी स्वतःच स्वतःला हसून घेणं असतं. त्यावर हसू नका आणि "असं नाही रे" म्हणून वादही घालू नका. "हे खरंच वाटतं का तुला?" असं एकट्यात विचारा. जगायचंच नाही अशा अर्थाचं काही थट्टेतही बोलला तर ते थट्टा म्हणून सोडायचं नाही. घरी आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

दुपारची_गोळी (बालरोग)

आईच्या तक्रारीत वेळ बघायला हवी. साधी गोळी ३ ते ५ तास चालते, लांब पल्ल्याची ८ ते १२. गोळीनंतर तास-दोन तासांत मूल मठ्ठ, कोरं दिसत असेल तर डोस जास्त असण्याचा संभव. संध्याकाळी, असर उतरताना रडवेलं किंवा चिडकं होत असेल तर तो उताराचा परिणाम. इथे शाळेत पोरगं विनोदावर विनोद करतंय, म्हणजे डोस जास्त असण्यापेक्षा दुसरी शक्यता मला जास्त वाटते. शिवाय गोळीने दुपारची भूक मरते, डबा तसाच परत येतो, आणि रिकाम्या पोटी उतार आणखी जड जातो. शाळेतून आल्याआल्या काहीतरी पोटभर खायला द्या, अभ्यास लगेच नको.

आईला आठवडाभर चारच रकाने भरायला सांगा: गोळीची वेळ, जेवण, मूड, झोप. तुम्हीही कोणत्या तासाला तो सुटतो ते लिहा. हा कागद बघून डॉक्टर वेळ, प्रकार किंवा डोस बदलू शकतात. गोळी परस्पर बंद करणं, दुप्पट देणं, लांब पल्ल्याची चुरडणं यातलं काहीही करू नये.

आणखी एक, क्वचित पण चुकवू नये असं. विनोद नसताना, दर वेळी एकाच प्रकारचं, काही सेकंदांचं हसू आणि त्यात नजर हरवलेली असेल, तर तो एडीएचडी नव्हे. हसण्याच्या रूपातली फिट असू शकते. मोबाईलवर चित्रण करून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

फळाखडू

गणित शेवटच्या तासाला असतं, तेव्हाच सुटतो तो! हे जुळतंय. आणखी एक: मुलं त्याला "जोकर" म्हणायला लागलीत. गटात घेत नाहीत.

निशिगंध

एडीएचडीच्या उपचारांवरच्या अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासातल्या मुलांबद्दल त्यांच्या वर्गमित्रांना विचारलं (२००५ साली छापून आलं), तेव्हा निम्म्याहून जास्त मुलं "नकोशी" निघाली. औषधाने हे आपोआप सुटत नाही. अख्ख्या वर्गात त्याला आवडता करायच्या मागे लागू नका, एक मित्र पुरे. शांत पण विनोद कळणारा जोडीदार बघा आणि दोघांना १५-२० मिनिटांत संपणारं, हाताने करायचं काम द्या: प्रयोगाची मांडणी, भित्तिपत्रकाचा मथळा. मोकळ्या खेळापासून सुरुवात नको, तिथे थांबायची रेघच नसते. भित्तिपत्रकातला विनोदाचा कोपरा त्या जोडीकडे दिलात तर उत्तम, पण कोणता विनोद छापायचा ही निवड जोडीदाराने करायची.