फ्लिंडर्स रेंजेस: चार दिवस, भाड्याची सेडान आणि सत्तरीचे आईबाबा

प्रश्न (मुसाफिर_ॲडलेड):
जुलैच्या सुट्टीत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगेत विल्पीनाला जातोय. भाड्याची साधी सेडान आहे. ब्राचिना घळीत ती जाईल का? आईबाबांना झेपेल अशी पायवाट कोणती? आम्हा दोघांना सेंट मेरी पीक करायचंय. आणि पिवळ्या पायांची रॉक वॉलबी (दगडांत राहणारा, कांगारूसारखा छोटा प्राणी) हमखास कुठे दिसते?

दगडोबा:
ॲडलेड ते विल्पीना साधारण 430 किमी, सगळा डांबरी. तिथपर्यंत सेडान मजेत जाते. पुढे बन्यरू आणि ब्राचिना या घळींचे रस्ते कच्चे, आणि ब्राचिनात तर काही ठिकाणी रस्ता ओढ्याच्या पात्रातूनच जातो. तिथे उंच गाडी हवी. खड्ड्यांपेक्षा टोकदार दगड जास्त त्रास देतात, टायरची बाजूच फाटते. भाड्याच्या गाडीत बऱ्याचदा स्पेअर म्हणून बारकं चाक असतं, ते अशा रस्त्यावर निरुपयोगी. कच्च्या रस्त्यावर विमाही बहुतेक लागू होत नाही, करार नीट वाचा. एसयूव्ही मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

घळ पूर्वेकडून पश्चिमेकडे करा. 20 किमीच्या भूशास्त्रीय वाटेवर खडक जुन्याकडून नव्याकडे येतात, फलक त्याच क्रमाने वाचता येतात. एनोरामा ओढ्याशी धातूची छोटी चकती दिसेल. 2004 साली मान्य झालेल्या एडिॲकरन या भूशास्त्रीय कालखंडाची सुरुवात तिथे खुणावली आहे. पश्चिमेला बाहेर पडलं की डांबरी रस्त्याने हॉकर गावाला परत. पाऊस पडला की हे रस्ते बंद होतात. बंदचा फलक असेल तर पुढे जाऊ नका, दंड होतो आणि चिखलात रुतलेली गाडी काढायला कुणी लवकर येत नाही.

घसारा_तज्ज्ञ:
आईबाबांसाठी वँगारा लुकआउट, जाऊन-येऊन जवळजवळ 8 किमी. ओढ्याकाठाने हिल्स होमस्टेड या जुन्या घरापर्यंत वाट जवळपास सपाट, शेवटचा चढ तेवढा उभा. गुडघे कुरकुरले तर होमस्टेडवरूनच परतावं, अर्धी मजा तिथवरच आहे. अर्कारू रॉकचा फेरा त्याहून छोटा, सुमारे 3 किमी, आणि तिथे इथल्या मूळनिवासी अद्न्यमथन्हा लोकांची शैलचित्रं आहेत.

सेंट मेरी पीकचं शिखर सोडा. अद्न्यमथन्हा लोकांसाठी ती जागा पवित्र आहे, वर चढू नये अशी त्यांची विनंती आहे. टँडेरा खिंडीपर्यंत जा, दोन्ही बाजूंचं दृश्य तिथूनही मिळतं. जाऊन-येऊन पाचेक तास धरा. खिंडीच्या आधी उभा रॉक पॅच आणि घसारा आहे. सह्याद्रीत सवय असली तरी इथे उतरताना सुटे दगड बॉल बेअरिंगसारखे सरकतात. जुलैत इथे हिवाळा, दिवस लहान, म्हणून आठला निघालेलं बरं.

आणि विल्पीना पाउंड, म्हणजे डोंगरांनी वेढलेली तिथली खोलगट जागा, हे उल्केचं विवर नव्हे. ती घडी पडलेल्या थरांची वाटी आहे, मऊ खडक झिजले आणि कठीण क्वार्टझाइटची कड उरली. हे दर वेळी सांगावं लागतं!

शेपटी_पट्टेवाली:
वॉलबी ब्राचिनातच. हमखास असं काही नाही, पण घळीच्या कडेला दगडांचे ढीग आहेत तिथे सकाळी ऊन पडल्या पडल्या किंवा चारनंतर गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि दुर्बिणीने हळूहळू उतार चाळा. अंग दगडात मिसळून जातं, दिसते ती पट्ट्यापट्ट्यांची शेपटी. खायला काही टाकू नका. कोल्हे आणि मोकाट बकऱ्या आवरल्यामुळे त्यांची संख्या सावरली आहे.

अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. कांगारू आणि एमू संध्याकाळी रस्त्यावर येतात. कांगारूला चुकवायला स्टिअरिंग झटक्यात वळवू नका, सरळ ब्रेक लावा. गाड्या उलटतात त्या वळवल्यामुळेच.

दगडोबा:
राहिलंच, पाणी. थंडीतही माणशी 3 लिटर, ओढे कोरडेच असतात. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, आईबाबांना तंबूत ठेवू नका. तुम्ही तंबू लावलात तर मोठ्या रेड गमखाली (निलगिरीच्या जातीचं झाड) नको, फांदी कसलीही चाहूल न देता कोसळते. फोनची रेंज विल्पीना सोडलं की बेभरवशाची, नकाशा आधीच उतरवून घ्या.