मदत हवी आहे: कॉर्व्हेटच्या उघड्या डिकीत हत्यारं घट्ट कशी बसवावीत?

साताऱ्याचा_सारथी (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागून घेतो.

दीड वर्षापूर्वी जुनी शेवरोले कॉर्व्हेट घेतली, दोन सीटांची अमेरिकन स्पोर्ट्स कार. सी-६ पिढीतली, २००९ ची, मागे मोठी तिरकी काच असलेली कूपे, छप्पर हाताने काढता येतं ती. बायको म्हणते चाळिशीचा ताप. मी म्हणतो, शाळेच्या वहीत चिकटवलेल्या चित्राची उधारी फेडली. राहतो अमेरिकेत, डेन्व्हरच्या बाजूला, आणि गाडी फक्त शनिवार-रविवारी डोंगरात न्यायला आहे.

ही गाडी मुळातच स्टेपनीशिवाय येते. जॅक नाही, टॉमी नाही, काहीच नाही. कारखान्यातून रनफ्लॅट टायर असतात, हवा गेली तरी जाड भिंतींच्या जोरावर सावकाश काही अंतर जातात, त्यामुळे स्टेपनीची गरज नाही असा हिशोब. माझ्या आधीच्या मालकाने मात्र ते काढून साधे टायर घातले होते. आवाज कमी, धक्के कमी, किंमतही कमी. विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मीही टायरवरची अक्षरं वाचायचे कष्ट घेतले नाहीत. मे महिन्यात मागचं डावं चाक बसलं तेव्हा कळलं. टो ट्रक यायला दोन तास लागले.

मग मी मराठी माणसासारखा दुसऱ्या टोकाला गेलो. कात्रीवाला जॅक, चार तोंडांचा पाना, जंपर केबल, कॉम्प्रेसर, पंक्चर किट, त्रिकोण, पक्कड, अग्निशामक असं सगळं एका लोखंडी पेटीत भरलं. घरच्या काट्यावर १७ किलो. पेटी डिकीत ठेवली, खाली रबरी चटई, वर लवचिक दोरी.

सप्टेंबरच्या शेवटी केनोशा पास नावाच्या घाटात अ‍ॅस्पेनची पिवळी झालेली झाडं बघायला निघालो. उतारावर एक एल्क (मोठं हरीण) रस्त्यात आला. ब्रेक दाबला. एल्क शांतपणे गेला, पण पेटी सुटून थेट सीटांच्या मागे आदळली, झाकण उघडलं आणि पाना दोघांच्या मधून पुढे येऊन गिअरपाशी पडला. बायकोने तो उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी: हिची डिकी म्हणजे सेडानसारखी बंद खोली नाही. सीटच्या मागे सगळं मोकळं, काचेखाली. जागा बावीस घनफुटांच्या आसपास आहे, दोघांच्या बॅगा आरामात बसतात, पण आपलं डोकं आणि सामान यांच्यात भिंत नाही. त्यात छप्पर काढून मागे ठेवलं की खाली बसक्या वस्तूच मावतात.

तर प्रश्न असा की पेटी जमिनीला बोल्टने आवळावी का? आणि कुठे?

गॅरेजवाला_बापू

बोल्टचं नंतर बघू. आधी मला सांगा, जॅक कशाला घेऊन फिरताय? गाडी उचलून लावणार काय? स्टेपनी तर नाही.

साताऱ्याचा_सारथी

बापू, हा विचारच केला नव्हता. पण पंक्चर काढायला चाक उतरवावं लागेल ना?

गॅरेजवाला_बापू

ट्यूबलेसला नाही लागत. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, नक्षी बाहेर येते. मागचं असेल तर गाडी हातभर पुढे-मागे घ्या, खिळा दिसेल अशा जागी आणा. पक्कडने खिळा ओढा, कानशीने भोक साफ करा, वात (भोक बुजवायची चिकट रबरी पट्टी) घाला, हवा भरा. नाशिकला हायवेवर आमची पोरं दहा मिनिटांत करतात, चाक जागेवरच. भोक नक्षीच्या पट्ट्यात पाहिजे. बाजूच्या भिंतीला चीर गेली असेल तर वात घालून उपयोग नाही, तिथे फोन लावायचा आणि वाट बघायची. तेव्हाही जॅक काय कामाचा?

स्टेपनी ठेवायची म्हटली तरी कुठली ठेवणार? ह्या गाडीला पुढे मागे वेगळी मापं असतात म्हणे.

साताऱ्याचा_सारथी

हो. पुढे २४५/४०-१८, मागे २८५/३५-१९.

गॅरेजवाला_बापू

मग झालं तर. जॅक आणि चार तोंडांचा पाना घरी. निम्मी पेटी हलकी झाली.

हत्यारबंद_हणमंत

अवांतर: धागाकर्त्यांनी "गाडीत हत्यारं आहेत" हे वाक्य मराठीतच म्हणावं. तिकडच्या पोलिसाला भाषांतर करून सांगताना जपून.

ह्यूस्टनचा_खटारा

माझ्याकडे सी-५ आहे, २००२ ची. रनफ्लॅट आणि स्टेपनीशिवायचं प्रकरण ह्याच पिढीपासून, १९९७ पासूनचं. नऊ वर्षं वापरतोय, म्हणून अधिकाराने बोलतो.

बोल्ट मारू नका. एक तर तिथला तळ लोखंडी पत्रा नाही, कॉम्पोझिट (थरांचं फायबरसारखं साहित्य) आहे. बोल्टभोवती जोर आला की भोक मोठं होत जातं. दुसरं, सीटांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे, दोन्ही बाजूंना पेट्रोलच्या टाक्या आहेत. ड्रिल कुठे निघेल हे वरून कळत नाही. एवढं एक कारण पुरे.

तुमच्या गाडीत मागे दोन्ही कोपऱ्यांत गालिच्याखाली झाकणाचे खण आहेत ना? जड वस्तू फक्त तिथे. तळापेक्षा खोल असल्यामुळे त्या पुढे घसरूच शकत नाहीत, समोर भिंत असते. माझ्या एका खणाचं झाकण सैल होतं, त्यावरून रुंद वेल्क्रोची पट्टी घेतली. हलक्या वस्तू मऊ पिशवीत, पिशवीच्या तळाला वेल्क्रोची काटेरी बाजू शिवलेली. ती गालिच्याला थेट धरते, सरकत नाही. पण वेल्क्रोवर जड सामान सोडू नका. तो वळणापुरता आहे, टकरीपुरता नाही.

लवचिक दोरीबद्दल काय बोलायचं. ती ताणतेच, त्यासाठीच असते. बांधायचंच तर न ताणणारा, बकलचा पट्टा.

भौतिकी_मास्तर

आकडा टाकतो. ताशी ५० किमी वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. टक्कर झाली आणि गाडीचं नाक चेपत अर्ध्या मीटरात थांबली असं धरा. मंदन येतं गुरुत्वाच्या जवळपास २० पट. मोकळा दोन किलोचा पाना तेवढ्या वेळापुरता चाळीस किलोचा होतो. तुमची १७ किलोची पेटी साडेतीनशे किलोच्या घरात गेली असती. एल्कसाठी लावलेला ब्रेक म्हणजे फार तर १ पट. तेवढ्यातच ती पुढे आली हे लक्षात घ्या.

साताऱ्याचा_सारथी

मास्तर, हे बायकोला दाखवू की नको?

भौतिकी_मास्तर

नको.

शिवणकाम_सुधा

पेटीच नको हो. लोखंडात लोखंड ठेवलं की वाजणारच. माझ्या वडिलांच्या फियाटमध्ये सगळे पाने पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून सुतळीने बांधलेले असायचे, खंबाटकी घाटात कधी आवाज आला नाही. तुम्ही जुन्या जीन्सचा एक पाय घ्या, उभा उसवा, सपाट करा. खालून वीतभर दुमडा आणि एकेका वस्तूच्या रुंदीने उभ्या शिवणी मारा. कप्पे तयार. वरचा भाग झाकणासारखा खाली घ्या, गुंडाळी करा, दोन नाड्या. प्रत्येक वस्तू आपापल्या कप्प्यात, एकमेकींना लागत नाही, आणि अंधारात हाताने चाचपून सापडते. साध्या मशिनवर होतं, फक्त सुई सोळा नंबरची लावा, नाहीतर मोडेल.

हत्यारबंद_हणमंत

कॉर्व्हेट घेतली आणि आत गोधडी. मराठी बाणा!

शिवणकाम_सुधा

गोधडीला नावं ठेवू नका, थंडीत तीच आठवेल.

ह्यूस्टनचा_खटारा

सुधाताई, उत्तम. मी बाजारातून असली गुंडाळी पंचवीस डॉलरला आणली होती. असो.

आता खरा मुद्दा, जो मी आधी लिहायला हवा होता. सारथीभाऊ, तुमच्या सी-६ ला बाहेरून दाराचा खटका नाही, बटण आहे, विजेवर चालणारं. बॅटरी उतरली की दार उघडत नाही. बॅटरी आहे बॉनेटखाली, बॉनेटची कळ आहे आत चालकाच्या पायाशी, आणि जंपर केबल आहे तुमच्या डिकीत. डिकीसुद्धा विजेवरच. आता बाहेर उभे राहून विचार करा.

वाट अशी आहे: मागे नंबर प्लेटच्या वर धातूच्या चावीचं कुलूप आहे. त्याने डिकी उघडते. डिकीच्या आतून चालकाच्या दाराची ओढायची पट्टी मिळते, ती ओढली की दार उघडतं. मग बॉनेट, मग बॅटरी. म्हणून ती धातूची चावी खिशात पाहिजे, घरच्या ड्रॉवरमध्ये नाही. आणि ती पट्टी दिवसाउजेडी एकदा स्वतः शोधून ओढून बघा, तिच्यावर सामान रचू नका. आत अडकलात तर चालकाच्या सीटजवळ खाली जमिनीपाशी हाताने ओढायची कळ आहे. वहिनींना ती दाखवून ठेवा. बरेच मालक वर्षानुवर्षं गाडी चालवतात आणि त्यांना ती माहीत नसते.

साताऱ्याचा_सारथी

धातूची चावी ड्रॉवरमध्येच आहे. आत्ता उठून आणली.

ऑरोराची_काकू

मी पण ह्याच भागातली, गाडी मात्र साधी. दोन गोष्टी. तुमच्या डिकीवर सगळी काच. जुलैत पार्किंगमध्ये आत किती तापतं ते हात लावून बघा. केबलऐवजी लिथियमचा जंप स्टार्टर (उतरलेल्या बॅटरीला जोर देणारा छोटा बॅटरी डबा) घेतलात तर तो फार उष्णता सहन करत नाही, डब्यावर कमाल तापमान छापलेलं असतं ते वाचा. तो काचेखाली उघडा नको, खणातच ठेवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घरी आणून चार्ज करा. माझा एक फुगून पावासारखा झाला होता. टायरमध्ये फवारायचं सीलंट असेल तर त्याच्या बाटलीवरची मुदतही बघा, शिवाय ते आतल्या हवेच्या सेन्सरला चिकटतं. वात घालणं बरं.

दुसरं म्हणजे पाणी, एक जाड जॅकेट आणि टॉर्च. डोंगरात फोनला रेंज नसते तेव्हा पान्यापेक्षा जॅकेट कामाला येतं. मऊ असल्याने डोक्यावर आलं तरी चालतं.

पुणेरी_पंक्चर

माहितीसाठी: भारतातही २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनीशिवाय गाडी देता येते. म्हणजे हा धागा लवकरच आमच्याही कामाला येणार. वाचतोय.

साताऱ्याचा_सारथी

अग्निशामकाचं काय? तोही खणात टाकू?

गॅरेजवाला_बापू

नको. आग लागली तर मागे जाऊन खण उघडायला वेळ कोणाला आहे? तो चालकाच्या हाताशी.

ह्यूस्टनचा_खटारा

बापूंना +१. सीट ज्या बोल्टांवर बसते त्याच बोल्टांत अडकवायच्या पट्ट्या मिळतात, नवीन भोक पाडावं लागत नाही. त्यावर धातूचा क्लॅम्प, ओढला की एका हाताने सुटणारा. प्लॅस्टिकचा स्वस्त घेऊ नका. बसल्या बसल्या, बेल्ट लावलेला असताना हात पोचतो का ते पाहून जागा ठरवा. कोरड्या पावडरचा असेल तर अधूनमधून उलटासुलटा हलवा, तळाशी घट्ट बसते. फवारल्यावर ती पावडर साफ न केल्यास धातू खाते, पण गाडी जळण्यापेक्षा ते बरं.

अजून एक गंमत. मी चुंबकाचे लाल दिवे आणले होते, गाडीच्या मागे चिकटवायला. चिकटेनात. मग डोक्यात प्रकाश पडला, अंग फायबरचं आहे. तुम्ही जमिनीवर ठेवायचेच घ्या.

आणि कधी जॅक लावायची वेळ आलीच, घरी का होईना, तर कडेच्या फायबरला लावू नका, तडकतं. चौकटीत चार ठरावीक खाचा आहेत, त्यांत बसणाऱ्या रबरी चकत्या मिळतात. त्या चार चकत्या आणि १९ चा सॉकेट मी गाडीत ठेवतो. टो वाल्याकडे जॅक असतो, चकत्या नसतात. त्यालाही गाडी वर चढवून नेणारा सपाट पाठीचा ट्रकच आणायला सांगा, नाक फार खाली आहे.

साताऱ्याचा_सारथी

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी सांगतोय काय केलं ते.

लोखंडी पेटी गॅरेजात भिंतीला. जॅक आणि चार तोंडांचा पाना तिथेच. उजव्या खणात जंप स्टार्टर आणि कॉम्प्रेसर, भोवती फोमचे तुकडे कापून ठासले, वर पट्टी. डाव्या खणात पंक्चर किट, चकत्या, सॉकेट आणि जमिनीवर ठेवायचे तीन दिवे. जीन्सची गुंडाळी बायकोने शिवली, सुई एक मोडली, सोळा नंबर वाचायचं राहून गेलं होतं. तीत पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातमोजे, हवेचा मीटर. गुंडाळीही डाव्या खणात, दिव्यांच्या वर. जॅकेटं आणि पाणी मऊ पिशवीत, वेल्क्रोवर. अग्निशामक बायकोच्या सीटच्या पुढे, माझा हात पोचतो. तो सोडून सगळं सहा किलो.

मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी ४० वरून कचकन ब्रेक मारून पाहिले, तीनदा. काही हललं नाही. बॅटरीची तार सोडून चावी, पट्टी, दार, बॉनेट हा सगळा खेळही केला. पट्टी शोधायला पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, तीही उजेडात.

एक उरलंच. खडबडीत रस्त्यावर मागून बारीक टिकटिक अजून येते. हत्यारं सगळी काढून पाहिलं, तरी येते.

ह्यूस्टनचा_खटारा

छप्पर मागे ठेवलेलं असताना येते की जागेवर असतानाही?

साताऱ्याचा_सारथी

दोन्ही वेळा.

गॅरेजवाला_बापू

मग त्यासाठी नवा धागा काढा. आवाज रेकॉर्ड करून टाका, नुसतं "टिकटिक" लिहू नका.