दात साफ करून घेताना नेमकं काय होतं? तुमचे अनुभव सांगा

शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे आणि आजपासूनच माझी जीभ सारखी खालच्या दातांच्या मागे जातेय. वय 41. आजवर दातांच्या डॉक्टरकडे एकदाच गेले, अक्कलदाढ काढायला. परवा लेकीची किडलेली दाढ दाखवायला नेलं, तिचं झालं आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता आई, तुम्ही बसा." आरसा धरून दाखवलं तर खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळट भिंतच! इतकी वर्षं मला तो दाताचाच भाग वाटत होता.

सासूबाई म्हणतात, यंत्र लावू नकोस, दात खिळखिळे होतात. नवरा म्हणतो, काही नाही, नुसत्या गुदगुल्या होतात. दोघांपैकी कुणीही हे करून घेतलेलं नाही. तेव्हा ऐकीव नको, स्वतःच्या दातांवर गुदरलेलं लिहा. दुखतं का? रक्त येतं का? घरी येऊन जेवता येतं का?

* * *

मी पुण्यात दरवर्षी दिवाळीच्या आधी करून घेतो, घर झाडतो तसंच. तर क्रमाने सांगतो.

खुर्ची इतकी आडवी करतात की पाय डोक्याच्या वर गेल्यासारखे वाटतात. गळ्यात कागदी लाळेरं. ओठाच्या कोपऱ्यात वाकडी प्लास्टिकची नळी अडकवतात, ती सुर्र सुर्र करत लाळ आणि पाणी ओढत राहते. मग ते यंत्र. त्याचं टोक बारीक हुकासारखं असतं. दात कोरायचं मशीन ते हे नव्हे, हे गरगर फिरत नाही. आवाज मात्र बारीक, चिरका, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी लांबत चाललीय असा. सोबत पाण्याचा फवारा. चष्मा असेल तर काचांवर थेंब येणारच.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही म्हणताय त्या भिंतीलाच लागतो. तिथे टोक टेकलं की कर्र असा खडीसाखर फोडल्यासारखा आवाज येतो, आणि तो कानात नाही, कवटीत ऐकू येतो. मधेच जिभेवर रव्याएवढा खडा येतो. घाबरून गिळू नका, चूळ भरायला सांगतात तेव्हा थुंका. दुखण्याचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी काहीच नाही. दोन-तीन जागी, जिथे हिरडी उतरून दाताचं मूळ उघडं पडलंय तिथे, गार पाण्याची सणकन कळ जाते. मला त्याहून त्रास होतो तो घशाशी पाणी साठण्याचा. उपाय एकच: श्वास नाकाने घ्या, आणि आधीच सांगून ठेवा की डावा हात वर केला की थांबा.

शेवटी रबराच्या छोट्या वाटीने पॉलिश. पेस्ट पुदिन्याची, दाताखाली वाळूसारखी कचकचते. सगळं धरून मला 35 मिनिटं लागतात.

* * *

लिपस्टिक लावून जाऊ नका. कारण विचारू नका.

* * *

माझ्या आईचं सांगते, कारण "दात खिळखिळे होतात" हे वाक्य मी दोन महिने रोज ऐकलंय.

आई कराडजवळच्या गावची. पन्नासेक वर्षं मशेरी. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, हाताने चुरायचा, सकाळी आणि दुपारी जेवणानंतर बोटाने दातांवर फिरवायचा. दातांच्या मुळाशी काळी रेघ आणि तिच्याखाली दगडासारखं कीटण. हिरड्या सुजून भाकरी चावेना, तेव्हा कुठे यायला तयार झाली. दोन बैठका लागल्या.

दुसऱ्या बैठकीनंतर घरी येऊन आरशासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या दातांत फटी पाडल्या गं त्यांनी. होते ते काय वाईट होते?" जेवताना भाकरीचा कण फटीत अडकला, मग तर विचारूच नका. शिवाय पुढचा एक दात थोडा हलायला लागला होता. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

खरं तर डॉक्टरांनी हे मला आधीच सांगितलं होतं, मीच आईला नीट सांगितलं नाही. कीटणामुळे हिरडी हळूहळू खाली सरकते, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, आणि झालेली फट त्याच कीटणाने बुजून जाते. दात आधीपासूनच सैल असतो, कीटणाने शेजारच्या दाताला चिकटवून ठेवलेला असतो. खरवडून काढलं की फटही दिसते आणि हलणंही कळतं. आळ येतो यंत्रावर. म्हणून तुम्ही सासूबाईंना घेऊन जाणार असाल तर हे आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

महिन्याभरात सूज गेली, भाकरी चावता यायला लागली. मशेरी सुटली नाही, दोनदाची एकदा झाली. पण त्या दिवशी डॉक्टरांना गालाच्या आत पांढुरका चट्टा दिसला, तो दर सहा महिन्यांनी तपासायला नेते. दात साफ करायला गेलो नसतो तर तो कुणी पाहिलाच नसता.

* * *

खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. मी नाशिकला दातांचा डॉक्टर आहे आणि "इनॅमल (दाताचं वरचं कवच) झिजतं का हो?" हा प्रश्न मला रोज किमान एकदा येतो.

कीटण खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूलाच का? कारण जिभेच्या खाली लाळग्रंथींची तोंडं उघडतात. दातावर जो चिकट थर बसतो, त्यात लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट साठत जातं आणि काही दिवसांत त्याचा खडा बनायला लागतो. वरच्या दाढांना गालाच्या बाजूनेही तसंच, तिथे गालातल्या ग्रंथीची नळी उघडते. थर मऊ आहे तोवर ब्रशने जातो. एकदा खडा झाला की मीठ, लिंबू, कोळसा काही चालत नाही. लिंबू तर चोळूच नका, आम्लाने दातच खराब होतात.

आमचं यंत्र सेकंदाला साधारण 25 ते 30 हजार वेळा थरथरतं, पण टोक हलतं ते मिलिमीटरच्या अगदी छोट्या भागाएवढं. त्या थरथरीने खडा सुटतो. पाणी असतं ते टोक तापू नये म्हणून आणि सुटलेला कचरा वाहून जावा म्हणून. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग आहे, नीट धरलेल्या टोकाने तो खरवडला जात नाही.

रक्त येतं ते सुजलेल्या हिरडीतून. निरोगी हिरडीतून क्वचितच येतं. "तुम्ही रक्त काढलंत" असं ऐकून घ्यायची आता सवय झाली आहे.

आल्या आल्या सांगा: रक्त पातळ होण्याची गोळी, पेसमेकर, हृदयाची बदललेली झडप, मधुमेह, गरोदरपण. झडप बदललेल्यांना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करून येऊ नका, हे दरवेळी कुणीतरी करतंच. आणि उपाशी येऊ नका. जेवून, ब्रश करून या.

अजून एक. साफ करणं म्हणजे दात पांढरे करणं नव्हे. चहाचे, तंबाखूचे डाग जातात, तुमचा मूळ रंग राहतो, आणि मूळ रंग बहुतेकांचा किंचित पिवळसरच असतो. लग्नाच्या आदल्या दिवशी येऊन "फोटोत चमकले पाहिजेत" म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिलं.

* * *

माझा अनुभव वाईट, पण उपयोगी पडेल. 499 रुपयांत क्लीनिंग अशी जाहिरात पाहून एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेलो. दहा मिनिटांत उरकलं आणि मग टेबलासमोर बसवून सांगितलं, हिरड्या खराब आहेत, चारही भागांचं डीप क्लीनिंग लागेल, 16 हजार. आज पैसे भरले तर 12. भाजी बाजारातसुद्धा इतक्या लवकर भाव उतरत नाही.

उठलो आणि कॉलनीतल्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रेघा आखलेली बारीक सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत घालून, हिरडी दातापासून किती खोल सुटलीय ते मोजलं. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर, फक्त मागच्या दोन दाढांशी पाच. तेवढ्याच जागी इंजेक्शन देऊन बधिर केलं आणि मुळापर्यंत साफ केलं. इंजेक्शनची टोच जाणवली, पुढचं काहीच नाही. संध्याकाळी थोडा ठणका होता, एका गोळीत गेला. तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो: कोणत्या दाताशी किती मिलिमीटर?

* * *

(नाशिकचा डॉक्टर पुन्हा.) हा प्रश्न सगळ्यांनी विचारावा. एक ते तीन ठीक, चारपासून पुढे लक्ष द्यायला हवं. एक्सरे पण दाखवायला सांगा.

* * *

न्यू जर्सीहून. इथे साफ करायला सहसा डॉक्टर नसतात, हायजीनिस्ट असते. तिचं शिक्षण वेगळं, परवाना वेगळा. तासभर तीच. डॉक्टर शेवटी पाच मिनिटं येऊन आत डोकावतात, हवापाण्याचं बोलतात आणि जातात.

वर लिहिलेली ती सळई इथे नियमाने फिरते आणि आकडे मोठ्याने म्हणतात: तीन, दोन, तीन, तीन, दोन, चार. मला दरवेळी गणपतीतल्या हाउझीची आठवण होते. फक्त इथे मोठा आकडा आला की पोटात गोळा येतो. मग यंत्र थोडं आणि हाताची हत्यारं जास्त, खर्र खर्र खरवडतात. तोंडात दोन हात असताना तिला माझ्या मुलांच्या शाळेबद्दल सगळं ऐकायचं असतं.

आणि तो प्रश्न: "फ्लॉस (दातांच्या फटींतून दोरा फिरवणं) रोज करतेस ना?" मी आदल्या आठवड्यात जोरात सुरू करते. हिरड्या बघून तिला लगेच कळतं, तेही हसून सांगते. माझ्या विम्यात वर्षातून दोनदा मोफत आहे, त्यामुळे जाते. नसतं तर गेले असते का, माहीत नाही.

* * *

ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांच्यासाठी. नागपूर, मुंबई, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. मी त्यांतल्या एकात गेलो. शिकणारी मुलं करतात, वर सर तपासतात. माझ्या वाट्याला आलेली मुलगी माझ्या नातीच्या वयाची. दर दोन दातांनी "काका, दुखतंय का?" तोंडात यंत्र, उत्तर काय देणार? मी डोळे मिचकावायचो. आज अर्धं तोंड, आठवड्याने अर्धं. वेळ हाताशी ठेवून जा, घाईत असाल तर जाऊ नका. पण इतक्या मन लावून माझ्या दातांकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. सरांनी एक कोपरा राहिलाय म्हणून दाखवला तर तिचा चेहरा पडला. मीच म्हटलं, कर बाळा, मला कुठे जायचंय.

* * *

माझा मूर्खपणा नोंदवून ठेवते. साफ केल्यावर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं माउथवॉश आठवडाभर वापरा म्हणून दिलं. तोंड छान वाटतं म्हणून मी दोन महिने वापरलं. दात तपकिरी. डागासाठी परत जावं लागलं, परत पैसे. चिठ्ठीवर सात दिवस लिहिलं असेल तर सातच दिवस.

* * *

धागा काढणारी मीच, शनिवार रात्र.

झालं. 40 मिनिटं. पुण्याच्या दादांचा डावा हात फार कामी आला, तीनदा वर केला, तिन्ही वेळा फक्त पाणी गिळायला. खालच्या दातांमागून तुरीच्या डाळीएवढा तुकडा निघाला. डॉक्टरबाईंनी तो ट्रेमध्ये ठेवून दाखवला, मी फोटो काढला. इथे टाकत नाही, जेवणाची वेळ आहे. पहिल्या दोन चुळा गुलाबी आल्या, मग साफ. सुळ्याशी एकदा कळ गेली तेव्हा खुर्चीचा हात घट्ट धरला होता, एरवी चिरका आवाज सोडला तर काही नाही. नवऱ्याच्या गुदगुल्या कुठेच सापडल्या नाहीत.

दुपारी कोमट वरणभात जेवले. गार पाण्याने दात शिवशिवतात, चार-पाच दिवसांत कमी होईल म्हणाल्या. जीभ अजूनही सारखी मागे जातेय, पण आता तिथे प्रत्येक दात वेगळा लागतो.

घरी आल्यावर सासूबाईंनी टॉर्च लावून पाहिलं. बोटाने एकेक दात दाबून पाहिला. "हलत तर नाहीत. पण फटी पडल्यात बघ." मी त्यांना कराडच्या आजींचा किस्सा मोठ्याने वाचून दाखवला. सगळं ऐकलं, हसल्या मात्र नाहीत. गालातल्या चट्ट्याची ओळ तेवढी परत वाचायला लावली.

सासूबाईंची मशेरी अजून चालू आहे, हे मी वर लिहिलं नव्हतं.