लिफ्ट ‘घसरते’ की ‘उलटी फिरते’? आणि ‘ब्रेक’ला काय म्हणावं?

आर्वीकर : शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी रोबोटची टिपणं मराठीत लिहितेय. त्याची लिफ्ट, म्हणजे वस्तू वर उचलणारा भाग, साधीच आहे : ड्रॉवरला लावतात तसली चॅनेलं आणि मोटरच्या रिळावर गुंडाळली जाणारी दोरी. मोटर बंद केली की वर गेलेली लिफ्ट हळूहळू खाली येते. मी लिहिलं ‘घसरते’. बरोबर आहे का? ‘ब्रेक मोड’ला ‘रोध-स्थिती’ लिहिलं, पण ते तहसीलच्या अर्जातलं वाटतंय.

वणीकर : ‘घसरते’ नको, मॅडम. घसरणं म्हणजे पकड सुटणं. दोरी रिळावर निसटली किंवा पट्टा पुलीवर सरकला, तर ते घसरणं. इथे पकड शाबूत आहे, वजनच मोटरला उलटं फिरवतंय. ‘लिफ्ट मोटर उलटी फिरवते’ असं सरळ लिहा. नाहीतर मुलं पट्टा ताणत बसतील आणि लिफ्ट खाली येतच राहील.

घाटंजीकर : आमच्या गॅरेजात म्हनतात, ‘लोड मांगं ओढते’. त्याले कुत्रं टाका ना बाप्पा! सायकलच्या फ्रीव्हीलमंदी असते तेच, दातात अडकनारा खटका. दात एकीकडं फिरतात, दुसरीकडं अडतात.

आर्वीकर : पण भाऊ, मग लिफ्ट खाली आणायची कशी?

घाटंजीकर : कुत्रं उचलाले एक लहान सर्वो, म्हंजे सांगितल्या कोनात फिरनारी मोटर, लावा. पन लोड असताना ते दातात दाबून बसते, उचलत नाई. आधी मोटरनं लिफ्ट जराशी वर घ्या, मंग कुत्रं उचला, मंग सोडा. चेन कप्पीत कुत्र्यासंगं घर्षनाच्या चकत्याबी असतात, म्हनून तिथं कुत्रं न उचलता लोड उतरते. वर घेताना टकटक वाजते, उतरवताना नाई, पाहा कधी.

पुसदकर : ‘ब्रेक मोड’बद्दल. त्यात मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. मोटर फिरली की तीच वीज तयार करते आणि त्या विजेनं स्वतःलाच विरोध करते. म्हणजे विरोध फिरण्यावर अवलंबून. थांबलेल्या मोटरला तो नाहीच. म्हणून लिफ्ट हळू येते, पण येते. माझ्या मते हे ‘आवरणं’ झालं, ‘रोखणं’ नव्हे. ‘रोध’ लिहिलंत तर मुलांना वाटेल, थांबायलाच हवी होती.

एन्कोडर, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर, बघून मोटरला सतत थोडी वीज देत राहिलं, तर त्याला ‘तोलून धरणं’ म्हणता येईल. मोटर फिरत नाही, त्यामुळे घेतलेल्या सगळ्या विजेची उष्णता होते. फार वेळ ठेवलं तर वास येतो. स्प्रिंगनं वजनाचा भार आधीच हलका केला, तर हे काम बरंच सोपं होतं.

वणीकर : वर्म गिअर राहिलं, म्हणजे आटे पाडलेला दांडा दातेरी चाकाला फिरवतो ते. त्याला ‘मळसूत्री गिअर’ म्हणा, शब्द जुना आणि नेमका आहे. आटे पुरेसे सपाट असले तर मोटर चाक फिरवते, चाक मोटरला फिरवू शकत नाही. वीज गेली तरी लिफ्ट जागेवर. किंमत म्हणून निम्म्याहून जास्त ताकद घर्षणात जाते. कोशात ‘स्वयंरोधी’ सापडेल, पण हादऱ्यांनी असा गिअरही कधी कधी हळूहळू उतरतो, तेव्हा मी तो शब्द वापरणार नाही.

आर्वीकर : ‘आवरणं’ घेतलं. ‘कुत्रं’ही घेतलं, मुलं हसतील पण विसरणार नाहीत.

घाटंजीकर : अजून एक शब्द लिवा : टेकू. दुरुस्तीले हात घालाच्या आधी लिफ्टखाली लाकडाचा टेकू द्या. कुत्रं असो का मळसूत्र, पोट्ट्याइची बोटं त्याच्या भरोश्यावर नका ठेवू.