लेक्चरला मोबाईलवर मतदान घ्यावं का? तुमचं मत सांगा

कातळफूल:
रत्नागिरीजवळच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. एफवायला विचारलं, एसटी आणि रिक्षाची समोरासमोर धडक झाली तर कोण कोणावर जास्त बल लावतं? मेंटीमीटरवर (मोबाईलवरून मत देता येतं असं ॲप) मतं घेतली तर बहुतेक पोरं म्हणाली एसटी. न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेली पोरं! उत्तर न सांगता शेजाऱ्याला पटवून द्या म्हटलं, पाच मिनिटं नुसता कल्ला, परत मतदान घेतलं तर निम्म्याहून जास्त जणांनी 'सारखंच' हे बरोबर उत्तर दाबलं. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ मध्ये असं शिकवायला सुरुवात केली. नुसतं "समजलं का?" विचारलं की सगळे माना डोलावतात, त्यातून काही कळत नाही, म्हणून माझं मत प्रत्येक वर्गात हे हवंच.

खाडीपलीकडचा:
ताई, तुमच्याकडे रेंज असेल. आमच्याकडे जुलैत लाईट गेली की टॉवरही जातो. दहा मिनिटं जॉईन करण्यात जातात, तोवर मागचा बाक रील्सवर. सेमिस्टर केवढं, सिलॅबस केवढा! फळ्यावर नीट शिकवणाऱ्याला हे लागत नाही.

बंदर_रोड:
रेंजचं कारण पटत नाही सर. प्लिकर्सची कार्डं छापून घ्या, प्रत्येकाच्या कार्डावर वेगळी काळी आकृती असते, चार बाजूंना ए बी सी डी, जे उत्तर ती बाजू वर धरायची, अक्षरं बारीक त्यामुळे शेजाऱ्याला दिसत नाही, आणि मोबाईल फक्त शिक्षकाकडे, तो त्याने सगळी कार्डं स्कॅन करतो. पोरांच्या हातात फोन द्यायचाच नाही.

खाडीपलीकडचा:
मग साधी रंगीत कार्डं का नकोत? कॅनडात नॅथॅनियल लासरींनी २००८ मध्ये क्लिकर (उत्तराचं बटण दाबायचं छोटं रिमोट) आणि कार्डं यांची तुलना केली, शिकण्यात फरक आढळला नाही. म्हणजे काम करते ती चर्चा, यंत्र नाही.

कुडाळची_पोर:
मी स्टुडंट आहे, मला बोलायचंय. घरी आम्ही मालवणीच बोलतो. वर्गात इंग्लिश मिडीयमवाले पटापट बोलतात, मी हात वर केला आणि चुकले तर? रंगीत कार्ड वर धरलं तरी अख्खा वर्ग बघतो. मोबाईलवर नाव दिसत नाही म्हणून मी पहिल्यांदा मनापासून उत्तर दिलं, आणि कळलं की अर्धा वर्ग माझ्यासारखाच चुकलाय. "माका येणा नाय" असं वाटणारी मी एकटी नव्हते. सर, हा फरक कुठल्या टेस्टमध्ये दिसणार?

खाडीपलीकडचा:
बाळा, तुझं म्हणणं खरं आहे आणि मला ते लक्षात घ्यायला हवं. पण तीन वर्षं नाव लपवूनच उत्तर दिलंस तर इंटरव्ह्यूला काय करशील? बोलायची सवय वर्गातच लागते.

कातळफूल:
सर, मतदानानंतर शेजारणीला पटवायचं असतं, तिथे ती बोलतेच की, आणि मालवणीत बोलली तरी चालतं. शिवाय दर पाच मिनिटांनी प्रश्न टाकायचा नसतो. लेक्चरला एकदोन पुरे. तीस टक्क्यांपेक्षा कमी बरोबर आले तर मी परत शिकवते, सत्तरच्या वर गेले तर पुढे जाते, मधे असले तरच चर्चा. सिलॅबस यात बसतो, फक्त जे पोरं घरी वाचू शकतात ते मी वाचून दाखवत नाही.

खाडीपलीकडचा:
एकदोन प्रश्न मान्य. पण बरोबर उत्तराचे मार्क इंटर्नलला धरणार असाल तर माझा कडक विरोध. मार्क आले की पोरं हुशार पोराचं बघून दाबणार, आणि तुमची ती चर्चा तिथेच संपली.